बेकी नावाची श्रोती

रेडिओ म्हणजे फुकटची करमणूक, असं आपण धरून चालतो. तसं ते कधीच नव्हतं. आमच्या लहानपणी बेळगावात रेडिओचं लायसन असे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पुढं खाजगी एफएम आलं. तिथं पैसे जाहिरातदार भरतो, म्हणजे साबणाची वडी घेताना शेवटी आपणच भरतो. यापेक्षा वेगळा एक मार्ग असतो, तो मी मुलीकडं ओहायोत राहायला गेले तेव्हा नीट बघितला. ऐकणाऱ्यालाच सरळ सांगायचं: तुम्हाला हे आवडतं ना, मग चालवायला पैसे द्या. जाहिरात नाही, सरकार नाही, शेठजी नाही. अमेरिकेत अशी कितीतरी स्थानकं आहेत, आणि त्यातली पुष्कळशी ख्रिस्ती गाणी वाजवतात. ती गाणी म्हणजे चर्चमधल्या ऑर्गनवरची जुनी स्तोत्रं नव्हेत, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन गायलेली रॉक गाणी. 'येशू आणि रॉक?' असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

या पद्धतीचा उगम गमतीचा आहे. लुईस हिल नावाचा एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात बंदूक उचलायला नकार देणाऱ्यांपैकी होता. आपल्या घरातल्या बायकांना हा माणूस वेगळा समजावून सांगायला नको. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी केपीएफए हे स्थानक सुरू केलं. जाहिरातदाराच्या पैशावर रेडिओ चालला की तोंड बंद ठेवावं लागतं, म्हणून श्रोत्यांनी आपण होऊन वर्गणी द्यावी, ही त्याची कल्पना. युद्धाविरुद्ध बोलता यावं, कुणाला न आवडणारं संगीत वाजवता यावं, यासाठी काढलेली ही युक्ती. तीच पुढं अमेरिकेतल्या धार्मिक रेडिओचा कणा झाली. हिलला हे कितपत रुचलं असतं, देव जाणे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. तिकडं एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिगरव्यापारी स्थानकांसाठी राखलेला आहे. तिथं जाहिरात चालत नाही. मदत देणाऱ्या दुकानाचं नाव घेता येतं. पण 'या, घ्या, स्वस्त आहे' असं म्हणता येत नाही. स्थानक धर्मादाय संस्थेच्या नावावर असतं, देणगीला करात सूट मिळते. त्यामुळं वर्षातून एकदोनदा आठवडाभर गाणी कमी आणि विनवण्या जास्त, असा काळ येतो. आपल्याकडं खाजगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थांना देतच नाहीत, म्हणून हा सगळा प्रकार आपल्या कानांना नवीन.

आता रॉकचं. १९६० च्या दशकाच्या शेवटाला कॅलिफोर्नियातले केस वाढवलेले, घर सोडून आलेले तरुण मोठ्या संख्येनं येशूकडं वळले. त्यांना 'जीजस पीपल' म्हणत. त्यांच्यातला लॅरी नॉर्मन याची 'अपॉन धिस रॉक' ही तबकडी १९६९ मध्ये निघाली. ख्रिस्ती रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. चांगल्या चाली सैतानाच्या ताब्यात का सोडायच्या, असा त्याचा युक्तिवाद. वडीलधारी मंडळी खवळली. जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरच्या प्रवचनकारानं तर १९८७ मध्ये या संगीताविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा आहे हा, असा त्याचा सूर.

हे भांडण आपल्याला परकं वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर येशूची गाणी अभंगात आणि भजनात बांधली, कीर्तनं केली. इंग्रजी चालींची भाषांतरं म्हणणाऱ्या मंडळीत ते मराठी वळण आणायला त्यांना किती झटावं लागलं असेल! 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या बाईला त्या घरातलं वातावरण सांगायला नको. आणि आपल्या मंदिरात तरी काय चालतं? पर्युषणात बायकांच्या भजनी मंडळाची निम्मी भजनं सिनेमाच्या चालीवर असतात. म्हातारी माणसं नाकं मुरडतात, पोरी टाळ्या वाजवतात. चाल उसनी घेतली म्हणून भक्ती खोटी होत नाही. पण चाल आपल्याबरोबर जुना मुक्काम घेऊन येते, हेही खरं. रॉकबरोबर आला तो राग. घर सोडलेल्या पोरांचा, युद्धाला पाठवलेल्या पोरांचा राग. ख्रिस्ती रॉक रेडिओ कसा आहे हे तपासताना मला तोच निकष योग्य वाटतो: या रागाचं त्यांनी काय केलं?

सगळ्यात मोठं नाव के-लव्ह. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा इथं बॉब अँथनी फोगल या रेडिओतल्या माणसानं ते एका स्थानकापासून उभं केलं. उपग्रहावरून एकच कार्यक्रम देशभर सोडायचा आणि गावोगावी स्थानकं विकत घेत जायची, ही त्यांची रीत. आज त्यांची स्थानकं शेकडोंनी मोजावी लागतात. ती राखीव पट्ट्यात मावेनाशी झाल्यावर त्यांनी व्यापारी पट्ट्यातली नावाजलेली स्थानकंही घेतली. शिकागोचं 'द लूप' हे असंच रॉकचं जुनं ठाणं. १९७९ मध्ये त्याच्या निवेदकानं बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या होत्या आणि प्रेक्षक मैदानात घुसले होते, इतकं ते दांडगट. मार्च २०१८ मध्ये ते के-लव्हच्या ताब्यात गेलं. जाताना जुन्या मंडळींनी शेवटचं गाणं लावलं ते एसी/डीसीचं 'हायवे टू हेल'. भांडकुदळपणा म्हणा, पण मला हसू आलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे आणि आणखी पाच स्थानकं मिळून १० कोटी ३५ लाख डॉलरना त्यांनी घेतली. ३१ मे २०१९ ला डब्ल्यूपीएलजे थांबलं.

हे पैसे कुठले? फोन करून महिन्याला थोडे थोडे देणाऱ्या बायकांचे. 'बायकांचे' हे मी मनानं म्हणत नाही. या रेडिओच्या धंद्यात डोळ्यांसमोर ठेवलेली श्रोती ठरलेली असते आणि तिला नावही दिलेलं असतं: बेकी. तिशी-चाळिशीतली, लग्न झालेली, पोरंबाळं असलेली, चर्चला जाणारी. पोरांना शाळेत, खेळाला, क्लासला गाडीतून नेता-आणता ती रेडिओ ऐकते. एखादं गाणं लावायचं की नाही हे ठरवताना 'बेकीला हे आवडेल का?' असं विचारतात. लिआ पेन या अभ्यासक बाईंचं या संगीताच्या इतिहासावरचं पुस्तक २०२४ मध्ये आलं. त्यातही या बेकीची गाठ पडते. आपल्या मराठीत बेकी म्हणजे फूट, एकीच्या उलट. तिकडच्या लोकांना हे ठाऊक नसणार, पण नाव बरोबर बसलं आहे. कारण या एका कल्पित बाईनं ख्रिस्ती रॉकचे दोन तुकडे केले.

बेकीसाठी केलेला रेडिओ कसा असतो? सकाळी मुलीबरोबर नातवाला शाळेत सोडायला जाताना मी तो रोज ऐकत असे. आवाज स्वच्छ, निवेदक हसतमुख, एकही शिवी नाही, एकही अशी ओळ नाही की पोरासमोर लाज वाटावी. हे काही कमी नाही. आपल्याकडं रिक्षात काय वाजतं हे आठवा आणि मग बोला. गाणं असं चालतं: पहिल्या कडव्यात गाणारा खचलेला असतो, दुसऱ्यात त्याला हाक ऐकू येते, मग ड्रम चढतात आणि धृपदात सगळं ठीक होतं. साडेतीन मिनिटांत. पुढच्या गाण्यातही तेच. सकारात्मक आणि उमेद देणारं, हे त्यांचं ब्रीद आहे आणि ते त्याला जागतात. तक्रार आहे ती त्या साडेतीन मिनिटांबद्दल. ज्या धर्मग्रंथाचा ते आधार घेतात, त्यातल्या स्तोत्रांत देवाशी कडकडून भांडण आहे, विलाप आहे, उत्तर न मिळालेल्या हाका आहेत. या रेडिओवर उत्तर मिळाल्याशिवाय गाणं संपत नाही. ज्या बाईचं मूल दवाखान्यात आहे, जिचा नवरा बोलत नाही, तिनं काय करावं? तिचं धृपद अजून आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात घातलीच पाहिजे. अशा बाईनं के-लव्हला फोन केला, तर तिच्याबरोबर प्रार्थना करायला त्यांनी पगारी पाद्री ठेवलेले आहेत. गाण्यात जे रडू मावत नाही, ते फोनवर मावतं म्हणायचं. मला हे फार माणुसकीचं वाटलं. आणि मग वाटलं, ज्या स्थानकाला ऐकणाऱ्यांचं दुःख इतकं जवळून ठाऊक आहे, ते गाणी निवडताना ते विसरतं कसं?

याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे, असं माझं मत. लुईस हिलला वाटलं होतं की श्रोत्यानं पैसे दिले की रेडिओ मोकळा होईल. तो मोकळा झाला तो जाहिरातदारापासून. देणाऱ्यापासून नाही. जाहिरातदार एक असतो, त्याच्याशी भांडता येतं. लाखो देणाऱ्यांशी कोण भांडणार? एका गाण्यानं शंभर बायका नाराज झाल्या तर शंभर देणग्या थांबतात. मग नाराज न करणारं गाणं निवडायचं, आणि ते पुन्हा पुन्हा वाजवायचं. इथं सेन्सॉरची कात्री लागतच नाही.

आपल्याला हे पंचकल्याणकाच्या मांडवात कळतं. सवाल सुरू झाले की इंद्र-इंद्राणीचा मान कुणाला, पहिला कलश कुणाचा, हे आकड्यावर ठरतं. माइकवरून नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात. त्या पैशातून पाठशाळा चालते, वसतिगृह चालतं. ते नाकारता येणार नाही. पण ज्याचा सवाल मोठा त्याला पुढच्या वर्षी कार्यक्रमात काय हवं, हे कमिटी त्यानं न सांगताच ओळखते. रेडिओवरच्या देणगी-आठवड्यात अमक्या गावच्या अमकीनं महिन्याचे इतके देऊ केले, असं पुकारताना ऐकलं आणि मला मांडवच आठवला. फरक इतकाच की इथं सवाल छोटा असतो आणि घेणारी बहुधा बाई असते, तीही घरखर्चातून वाचवलेल्या पैशातून. डब्यातल्या पैशाचा मान मी जाणते. म्हणूनच त्या पैशातून न्यूयॉर्कचा मनोरा विकत घेतला जातो तेव्हा मी थबकते. त्या बाईनं कशासाठी दिले होते? तिला सकाळी गाडीत जे ऐकून बरं वाटतं ते चालू राहावं म्हणून. ते तर तसंही चालू राहिलंच असतं.

जिथं हे स्थानक येतं तिथं गावचा रेडिओ बहुधा जातो. बातमी आली तरी ती दुरून. कुठल्या रस्त्यावर पाणी आलंय, कुणाच्या शाळेला सुट्टी आहे, हे टेनेसीतल्या स्टुडिओतून कोण सांगणार? आम्ही सांगली आणि धारवाड ही दोन्ही केंद्रं ऐकत वाढलो, वारा बरा असला तर पणजीही लागायचं. तीन भाषा, तीन प्रकारची खरखर. निवेदिकेचा आवाज ओळखीचा असायचा, 'आपली आवड'मध्ये शेजारच्या गावातलं नाव यायचं. रेडिओ कुठून तरी येतो, हे कानाला कळायचं. के-लव्ह ओहायोत आणि टेक्ससात एकाच क्षणी एकच वाक्य बोलतं. ते कुठूनच येत नाही.

त्यांची एक मोहीम आहे, तीस दिवस फक्त ख्रिस्ती संगीत ऐकायचं आणि आयुष्यात काय बदलतं ते बघायचं. चातुर्मासात नियम घेणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. पण आपल्या नियमात सोडायचं असतं: कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी रात्रीचं पाणी. सोडून जी जागा रिकामी होते, तिच्यात बसून राहायचं. इथं बाकीचं सगळं सोडून त्याच दुकानात महिनाभर जेवायचं आहे. हा नियम नव्हे, हा रतीब. (आता आपल्याकडंही उपवासाच्या चिवड्याची पाकिटं निघाली आहेत, तेव्हा फार बोलू नये!)

आता दुसरा तुकडा. ओहायोतच, कोलंबसजवळ, १९९६ पासून रेडिओयू नावाचं स्थानक आहे. तेही श्रोत्यांच्या पैशावर चालतं, तेही ख्रिस्ती. पण तिथं बेकी नाही, बेकीची पोरं आहेत. गिटार करकरते, गाणारा ओरडतो, आणि पहिले दोन दिवस माझं डोकं दुखलं. नातेवाइकांत मी हे बोलले तर त्यांना वाटलं आजींना वय चढलंय. तिसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट लक्षात आली. इथं गाणी ठीक न होताच संपत होती.

या परंपरेतलं उत्तम काम कोणतं, असं मला विचारलं तर मी पी.ओ.डी. या कॅलिफोर्नियाच्या बँडचं 'यूथ ऑफ द नेशन' सांगेन. शाळेत पोरांनी पोरांवर गोळ्या झाडल्या, त्या बातम्यांतून ते आलं. त्यांच्या भागातल्या एका शाळेतही तेव्हा गोळीबार झाला होता. ज्या अल्बममध्ये ते आहे तो दुकानात आला ११ सप्टेंबर २००१ ला, म्हणजे न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याच दिवशी. त्या गाण्यात उपाय सांगितलेला नाही. मेलेल्या पोरांची नुसती ओळख करून दिली आहे, आणि शेवटी पोरंच कोरसमध्ये गातात. हे भक्तिगीत आहे का? माझ्या मते आहे. दुःखापुढं घाई न करणं हीही भक्तीच. पण तसं गाणं बेकीच्या सकाळी, पोरांना शाळेत सोडायला जाताना, कोण लावणार?

के-लव्हच्या घरात एक धाकटी बहीणही होती, एअर-वन. तिच्यावर थोडी चढ्या आवाजाची, तरुण गाणी लागत. २०१९ च्या सुरुवातीला तिचं रूप बदलून तिथं केवळ उपासनेची गाणी आली. म्हणजे रॉक आणखी एक पायरी खाली उतरला. रेडिओयूसारख्या स्थानकांचं दुखणं वेगळं आहे: ज्यांच्यासाठी गाणी लावायची त्यांच्या खिशात पैसे नसतात, आणि ज्यांच्या खिशात असतात त्यांना तो आवाज सहन होत नाही. तरी ते इतकी वर्षं टिकलं, याचं मला कौतुक वाटतं. रागाला जागा देणारं स्थानक आईबापांच्या पैशावर चालवायचं, ही कसरतच.

बायकांबद्दल शेवटचं आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. एमी ग्रँट या संगीताची सगळ्यात लाडकी गायिका. १९९९ मध्ये तिचा घटस्फोट झाला तेव्हा काही ख्रिस्ती स्थानकांनी तिची गाणी थांबवली. तिचा आवाज आदल्या दिवशी होता तोच होता. बेकीला काय वाटेल, हा प्रश्न पुन्हा आला असणार. आणि गंमत म्हणजे घर मोडलेल्या बेकी काही कमी नसतील, त्यांना विचारायला मात्र कुणी गेलं नाही. बाईच्या नावानं ठरवायचं आणि बाईलाच गप्प करायचं, ही चाल कुठल्याच धर्माला उसनी घ्यावी लागत नाही.

लॉरेन डेगलचं 'यू से' हे २०१८ चं गाणं बिलबोर्डच्या ख्रिस्ती यादीत शंभराहून अधिक आठवडे पहिल्या जागी होतं. म्हणजे बाईचा आवाज ऐकायला लोक तयार आहेत. खरखरीत, जाड, थोडा थकलेला आवाज आहे तिचा, गोड नव्हे. स्किलेट या बँडमध्ये ड्रमवर जेन लेजर आणि गिटारवर कोरी कूपर, दोघी बायका. तरीही बेकीसाठी केलेल्या त्या रेडिओवर पुरुषामागून पुरुष गात राहतात. मुलगी कामावर गेली की मी स्वयंपाकघरात तो लावून ठेवत असे. एखादी गायिका येईपर्यंत माझी कणीक मळून, झाकून, तवा तापलेला असे. मुलीला म्हटलं, तुमच्या या बेकीला स्वतःचा आवाज ऐकायला आवडत नाही का गं? ती म्हणाली, 'आई, तिला विचारलंय कुणी?' आणि चॅनेल बदलून तिनं रेडिओयू लावलं. तिथं एक मुलगी घसा फाटेस्तोवर गात होती. मी पोळी उलटली.